कोडरमा : अभ्रकाने श्रीमंत केलेला आणि अभ्रकानेच गरीब ठेवलेला खाणपट्टा

रेडिओच्या जमान्यातल्या श्रोत्यांना एका गावाचे नाव न पाहताही पाठ होते: झुमरी तिलैया. रेडिओ सिलोन असो की विविध भारती, फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमात या गावाचे नाव इतक्या वेळा यायचे, की हे गाव खरेच आहे की निवेदकांनी रचलेले आहे, अशी शंका लोक घेत. गाव खरे आहे. झारखंडच्या कोडरमा जिल्ह्यात ते आहे, आणि गाण्यांच्या फर्माइशींच्या कितीतरी आधीपासून जगातल्या विजेच्या उद्योगाला त्याची ओळख होती. कारण एकच, अभ्रक.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत कोडरमाची एवढीच नोंद असते : ‘अभ्रकाची राजधानी’. ही नोंद आज अर्धीच खरी आहे. तिथल्या कायदेशीर खाणी जवळजवळ सगळ्या बंद पडल्या, पण अभ्रक निघणे बंद झाले नाही. ते आता जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून, उंदराच्या बिळासारख्या खड्ड्यांतून निघते, आणि ते काढणाऱ्यांत लहान मुलेही असतात. हे असे का झाले, हे समजून घ्यायचे तर सुरुवात दगडापासून करावी लागते.

अभ्रक म्हणजे नेमके काय?

अभ्रक हे एक खनिज नसून खनिजांचे कुटुंब आहे. त्यातला सर्वांत महत्त्वाचा सदस्य म्हणजे मस्कोव्हाइट, म्हणजेच पांढरे अभ्रक. त्यात पोटॅशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि थोडे पाणी असते. काळे अभ्रक म्हणजे बायोटाइट. त्यात लोह आणि मॅग्नेशियम असते. मस्कोव्हाइट हे नाव मॉस्कोवरून आले. काच महाग होती त्या काळात रशियात खिडक्यांना अभ्रकाचे पातळ पत्रे बसवत, आणि पश्चिम युरोपात त्याला मॉस्कोची काच म्हणत.

अभ्रकाची खासियत त्याच्या रचनेत आहे. त्यातले अणू थरांमध्ये रचलेले असतात. थराच्या आतली पकड घट्ट, पण दोन थरांमधली पकड सैल. त्यामुळे सुरीच्या टोकाने त्याचे पापुद्रे काढता येतात, कांद्याच्या पातीसारखे एकाखाली एक, केसापेक्षाही पातळ. हा पापुद्रा वाकवला तर मोडत नाही, सोडला की सरळ होतो. तो पारदर्शक असतो, पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता सहन करतो आणि विजेला अजिबात वाट देत नाही. उष्णता आणि वीज दोन्ही अडवणारा, शिवाय हवा तितका पातळ होणारा दुसरा नैसर्गिक पदार्थ सापडणे अवघड आहे.

भारतीयांना अभ्रक नवे नव्हते. संस्कृतात अभ्र म्हणजे ढग. त्यावरून हे नाव आले. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात अभ्रकाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांची परीक्षा विस्तवावर करायची असे. पिनाक तापवल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात, नाग सापासारखा फुत्कार टाकतो, मंडूक बेडकासारखा उडतो, आणि वज्र मात्र जसेच्या तसे राहते. अभ्रकभस्मासाठी वज्र उत्तम मानले गेले. म्हणजे औषधवाल्यांना काळे अभ्रक हवे होते. कोडरमाचे नाव जगभर झाले ते पांढऱ्याने.

पेग्मटाइट : पृथ्वीच्या पोटातला शेवटचा रस

अभ्रकाचे बारीक कण नदीच्या वाळूतही चमकताना दिसतात. पण तळहाताएवढे किंवा त्याहून मोठे पत्रे मिळायचे असतील तर एकच खडक कामाचा, तो म्हणजे पेग्मटाइट.

जमिनीखाली खोलवर शिलारसाचा मोठा साठा थंड होऊ लागला की त्याचा ग्रॅनाइट बनतो. थिजताना नेहमीची खनिजे आधी स्फटिक बनून बाजूला होतात. उरतो तो पाणीदार, पातळ रस. ज्या मूलद्रव्यांना नेहमीच्या खनिजांच्या चौकटीत जागा मिळत नाही, ती या उरलेल्या रसात साठत जातात. लिथियम आणि बेरिलियमचे अणू त्या चौकटींत नीट बसत नाहीत, टँटलम, नायोबियम, सीझियम यांचेही तसेच. लग्नाच्या पंगतीत शेवटी उरलेल्या रश्शात सगळा मसाला तळाशी बसावा, तसे हे होते.

हा रस आजूबाजूच्या खडकांच्या भेगांत घुसतो आणि तिथे थिजतो. पाण्यामुळे तो पातळ असतो, त्यामुळे अणूंना त्यात सहज हिंडता येते आणि थोडेच स्फटिक तयार होऊन तेच वाढत राहतात. म्हणून पेग्मटाइटमधले स्फटिक अचाट मोठे असतात. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात एट्टा नावाच्या खाणीत लिथियमयुक्त स्पॉड्युमीनचा एक स्फटिक सुमारे १४ मीटर लांबीचा निघाला होता.

कोडरमाच्या पट्ट्यात हे घडले ते सुमारे ९० ते १०० कोटी वर्षांपूर्वी. तिथला मूळ खडक अभ्रकी शिस्ट, म्हणजे चपट्या थरांचा, सहज दुभंगणारा. त्याच्या थरांत पेग्मटाइट भिंगाच्या किंवा पट्टीच्या आकारात शिरला. काही पट्ट्या वीतभर रुंद, तर काही अनेक मीटर. आज कोडरमा, गिरिडीह आणि हजारीबाग हे झारखंडचे जिल्हे, तसेच बिहारमधले नवादा, गया आणि जमुईचे काही भाग या पट्ट्यात येतात.

अशा पट्टीचा आडवा छेद घेतला तर तिच्यात एक क्रम दिसतो. कडेला बारीक कणांची किनार, मग फेल्स्पार आणि क्वार्ट्झ, आणि मधोमध बहुतेकदा शुद्ध क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा, गाभा. अभ्रक कडेच्या भिंतीजवळ किंवा गाभ्याला चिकटून सापडते. त्याचे जाड, षट्कोनी ठोकळे असतात. खाणीच्या भाषेत त्यांना पुस्तक म्हणतात, कारण ते पानापानांनी उलगडते. याच खडकात काळे तोरमल्ली, गार्नेट, हिरवट बेरिल, कोलंबाइट-टँटलाइटचे जड काळे खडे आणि कुठे कुठे युरेनियमयुक्त खनिजेही असतात. गिरिडीहच्या पिहरा भागात लेपिडोलाइट हे जांभळट, लिथियमयुक्त अभ्रकही आढळते.

खाणमालकांना मात्र यातले एकच हवे होते, स्वच्छ पांढरे अभ्रक. बाकीचा खडक बाहेर काढून टेकडीच्या उतारावर टाकून दिला जाई. पुढे या ढिगाऱ्यांवरच हजारो घरे जगू लागली.

विजेने भाव कसा चढवला?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभ्रक कंदिलांना, भट्टीच्या झरोक्यांना, सजावटीला आणि औषधाला लागायचे. मागणी बेताची होती. विजेची यंत्रे आल्यावर चित्र पालटले. डायनमो आणि मोटारीतल्या फिरत्या भागावर तांब्याच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवाव्या लागतात, आणि त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये विद्युतरोधक लागतो. तो तापला तरी जळता कामा नये, घासला तरी चुरा होता कामा नये. अभ्रक या कामासाठी अगदी योग्य होते.

अडचण एवढीच, की मोठे पत्रे थोडे आणि लहान तुकडे फार. १८९०च्या दशकात यावर तोडगा निघाला. अभ्रकाचे पातळ पापुद्रे एकावर एक पसरायचे, त्यांच्यात लाखेचे द्रावण घालायचे, आणि उष्णता व दाब देऊन हवा तेवढा मोठा तक्ता बनवायचा. याला मायकानाइट म्हणत. यात छोटानागपूरला दुहेरी फायदा होता. अभ्रकही तिथले आणि पळस-कुसुमाच्या झाडांवरची लाखही तिथलीच.

मायकानाइटमुळे लहान तुकड्यांना किंमत आली, पण ते पापुद्रे काढायला माणसाचा हातच लागे. मिलिमीटरच्या तिनशेव्या नव्हे, पण तिसाव्या भागाइतका पातळ पापुद्रा एकसारखा सोलणारे यंत्र कुणाला जमले नाही. कोडरमा आणि गिरिडीहच्या गावांत हे काम घरोघर चाले. बायका आणि मुले अंगणात बसून लहान सुरीने अभ्रक सोलत, आणि वजनावर पैसे मिळत. कारखान्यात पुरुष विळ्याने पत्र्याच्या कडा कातरत. बिहारच्या ‘विळ्याने कातरलेल्या’ अभ्रकाला व्यापारात तेच नाव होते. मग आकार, डाग आणि पारदर्शकता पाहून प्रतवारी होई. जाडीत पाहिले तर लालसर दिसणारे इथले अभ्रक ‘रुबी’ म्हणून ओळखले जाई, आणि विजेच्या कामाला ते अव्वल मानत.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थॉमस हॉलंड यांनी १९०२मध्ये भारतातल्या अभ्रकाच्या साठ्यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. पाठोपाठ १९०६मध्ये गया आणि धनबादला जोडणारा ग्रँड कॉर्ड लोहमार्ग सुरू झाला. तो कोडरमावरूनच जातो, त्यामुळे माल कलकत्त्याच्या बंदरात पोचवणे सोपे झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जगातल्या पत्री अभ्रकाचा आणि पापुद्र्यांचा बहुतांश पुरवठा भारतातून होत होता, आणि त्यातला मोठा हिस्सा याच पट्ट्यातला होता. आंध्रातल्या नेल्लोर पट्ट्याचे हिरवट अभ्रक आणि राजस्थानचे अभ्रक त्याच्या मागे होते.

सोन्यासारखा जपला जाणारा दगड

अभ्रकाचा एक धोका खाणमालकांना सतत वाटे, तो चोरीचा. माल हलका, कमी जागेत मावणारा आणि महाग. पदराच्या गाठीत बांधूनही नेता येण्यासारखा. त्यामुळे १९३०मध्ये बिहार आणि ओरिसा प्रांतात अभ्रकासाठी खास कायदा झाला आणि १९४७मध्ये बिहारने नवा कायदा केला. अभ्रक बाळगायला, विकत घ्यायला, विकायला परवाना लागू लागला. ज्याच्याकडे परवाना तो व्यापारी, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्या हातातले अभ्रक चोरीचे, अशी ही विभागणी होती. आज जंगलात अभ्रक वेचणाऱ्या माणसाच्या वाट्याला जे येते, त्याची मुळे इतकी जुनी आहेत.

दुसऱ्या महायुद्धात अभ्रक हा सामरिक माल झाला. विमानांच्या इंजिनांतले स्पार्क प्लग, रडार आणि वायरलेस यंत्रांतले कपॅसिटर, सगळ्यांत ते लागे. १९४२मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने मिळून कलकत्त्यात संयुक्त अभ्रक मिशन उभारले. भारतातला चांगला माल दोस्त राष्ट्रांसाठी खरेदी करायचा आणि तो शत्रूच्या हाती लागू द्यायचा नाही, हे त्याचे काम होते.

युद्ध संपल्यावर १९४६मध्ये अभ्रक खाण कामगार कल्याण निधी कायदा आला. निर्यातीवर उपकर बसवून त्यातून कामगारांसाठी दवाखाने, शाळा, पाणी यांची सोय करायची, अशी ती कल्पना होती. खाणीत उतरणाऱ्यांना याची गरज होतीच. बहुतेक खाणी आराखडा करून खणलेल्या नसत. अभ्रकाचा माग जिकडे जाईल तिकडे बोगदा वळत जाई. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरत आणि काम थांबे. तेव्हा मजूर शेतीकडे वळत. गारगोटी फोडताना उडणारी धूळ फुप्फुसात बसे आणि सिलिकोसिस होई. या रोगावर आजही असा इलाज नाही, की ज्याने फुप्फुस पूर्ववत होईल.

झुमरी तिलैयाला मात्र तो भरभराटीचा काळ होता. अभ्रकाच्या व्यापाऱ्यांचे वाडे, मोटारी, परदेशी ग्राहकांची ये-जा. जवळच बराकर नदीवर दामोदर खोरे महामंडळाचे तिलैया धरण १९५३मध्ये सुरू झाले. आणि संध्याकाळी रेडिओला पोस्टकार्डे लिहिण्याचा गावाचा छंदही याच दशकांतला. त्या काळच्या रेडिओत काचेच्या व्हॉल्व्ह असत, आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या आत धातूचे भाग जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चकत्या अभ्रकाच्या असत. झुमरी तिलैयाची फर्माइश देशभर ज्या रेडिओंतून ऐकू यायची, त्यांच्या पोटात अभ्रकच होते.

बाजार कसा कोसळला?

एकाच कारणाने हा उद्योग बुडाला नाही. तीन घाव पाठोपाठ बसले.

पहिला घाव तंत्रज्ञानाचा. व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. कपॅसिटरमध्ये सिरॅमिक आणि प्लास्टिकच्या पातळ फिती आल्या. अभ्रकाचा भुगा करून त्याचा कागदासारखा तक्ता बनवण्याची पद्धत रुळली, त्यामुळे हाताने सोललेल्या पापुद्र्यांची गरज घटली. इस्त्री, टोस्टर आणि मायक्रोवेव्हमध्ये आजही अभ्रकाची पातळ पट्टी असते, पण तिच्यासाठी उत्तम रुबी पत्रा लागतोच असे नाही.

दुसरा घाव ग्राहकाचा. १९७०च्या दशकात सरकारने अभ्रकाची निर्यात मायका ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे सोपवली. सोव्हिएत संघ हा मोठा गिऱ्हाईक होता. १९९१मध्ये तो देशच उरला नाही.

तिसरा घाव कायद्याचा. या पट्ट्यातल्या बऱ्याच खाणी जंगलाच्या जमिनीवर होत्या. १९८०च्या वन संवर्धन कायद्याने जंगलाची जमीन दुसऱ्या कामासाठी वापरायला केंद्राची आगाऊ परवानगी बंधनकारक केली. जुन्या पट्ट्यांची मुदत संपली की नूतनीकरणासाठीही हीच अट लागू झाली. लहान खाणमालकांना ही प्रक्रिया परवडणारी नव्हती, आणि बाजारही पडलेला होता. एकेकाळी या भागात सातशेहून जास्त खाणी आणि वीस हजारांहून जास्त कामगार होते. त्या एकामागून एक बंद झाल्या.

जंगल वाचवणे गरजेचे होते, यात शंका नाही. आज तिथे कोडरमा वन्यजीव अभयारण्य आहे. पण खाणी बंद करणाऱ्या कायद्यात खाणीतल्या माणसांचे पुढे काय, याचे उत्तर नव्हते. जमीन खडकाळ, पाऊस बेभरवशाचा, दुसरा उद्योग नाही. लोक ढिगाऱ्यांकडे वळले.

ढिबरा म्हणजे काय?

ढिबरा हा तिथला शब्द. अभ्रकाचे बारीक, निरुपयोगी म्हणून टाकलेले तुकडे म्हणजे ढिबरा. शंभर वर्षे खाणवाल्यांनी जे फेकून दिले, ते पुन्हा खणून चाळायचे, माती झटकायची आणि टोपली भरली की दलालाला विकायचे. किलोला मिळतात ते मोजके रुपये. ढिगारा संपला की लोक डोंगराच्या कडेला खड्डा खणतात आणि आत आडवे शिरत जातात. आधार नाही, हवा खेळत नाही. पावसानंतर वरची माती ओली असते आणि कधी बसेल याचा नेम नसतो. खड्डा अरुंद असल्यामुळे लहान शरीराचे माणूस सोयीचे पडते. मुले इथे येण्याचे हेही एक कारण आहे.

एकेकाळच्या कचऱ्याला आता गिऱ्हाईक मिळाले, कारण अभ्रकाचा वापर बदलला. आता पत्रा नको, चमक हवी. अभ्रकाच्या बारीक चकत्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिला की मोत्यासारखी झळाळी देणारे रंगद्रव्य तयार होते. ते मोटारींच्या रंगात जाते, लिपस्टिक आणि आयशॅडोमध्ये जाते. भुकटी प्लास्टिकमध्ये, भिंतींच्या लांबीत आणि तेलविहिरी खोदताना वापरल्या जाणाऱ्या चिखलातही मिसळतात. या सगळ्याला ढिबरा पुरतो.

मग हिशेबात एक विचित्र तफावत दिसू लागली. सरकारी नोंदीत देशातले अभ्रकाचे उत्पादन थोडे, पण निर्यात त्याच्या कितीतरी पट. मधला माल कुठून आला? जंगलातला ढिबरा दलाल, गोदाम, कारखाना असा प्रवास करतो आणि वाटेत कुठेतरी परवान्याच्या कागदावर चढतो. बंदरात पोचेपर्यंत तो पूर्णपणे कायदेशीर झालेला असतो. बेकायदेशीर राहतो तो फक्त वेचणारा.

जगाचे लक्ष कधी गेले?

बचपन बचाओ आंदोलनासारख्या संस्था या भागात आधीपासून काम करत होत्या. पण जगभर खळबळ उडाली ती २०१६मध्ये. रॉयटर्स वृत्तसंस्थेने तपास करून दाखवले, की या पट्ट्यात दोन महिन्यांत सात मुले खाणीत मरण पावली होती आणि हे मृत्यू दडपले गेले होते. दडपण्याचे कारण साधे आणि भीषण आहे. तक्रार केली तर गुन्हा आपल्यावरच दाखल होईल, आणि गावाचे एकमेव उत्पन्न थांबेल, ही भीती. घरच्यांच्या हातात थोडे पैसे दिले जातात आणि प्रकरण मिटते.

टेर दे होम आणि सोमो या संस्थांच्या अहवालाने झारखंड-बिहारच्या अभ्रक पट्ट्यात सुमारे २२ हजार मुले या कामात असल्याचा अंदाज मांडला. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या पाहणीतही या जिल्ह्यांतली हजारो मुले शाळेबाहेर असल्याचे दिसले. सौंदर्यप्रसाधने आणि रंग बनवणाऱ्या कंपन्यांनी २०१७मध्ये पॅरिसमध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ स्थापन केले. बालमजुरी २०२२पर्यंत संपवण्याचे त्याचे ध्येय होते. पुढे ही मुदत २०३०पर्यंत वाढवावी लागली.

काही कंपन्यांनी प्रयोगशाळेत बनवलेले कृत्रिम अभ्रक वापरायला घेतले. वरवर हा चांगला उपाय वाटतो. पण कोडरमाच्या गावातून पाहिले तर तो १९८०चीच पुनरावृत्ती आहे. खरेदी थांबते, आणि वेचणाऱ्याला दुसरे काम मिळतेच असे नाही. म्हणूनच अनेक कार्यकर्त्यांची मागणी बंदीची नाही, नियमिततेची आहे : वेचणाऱ्यांना ओळख द्या, भाव ठरवा, मोठ्यांना पुरेशी मजुरी मिळू द्या, म्हणजे मुलांना खड्ड्यात उतरावे लागणार नाही. झारखंड सरकारनेही गेल्या काही वर्षांत ढिबरा वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्था करून राज्य खनिज महामंडळामार्फत विक्री करण्याचा मार्ग मांडला आहे.

आता लिथियमची पाळी?

दरम्यान पेग्मटाइटकडे पाहण्याची नजर पुन्हा बदलते आहे. २०२३मध्ये केंद्राने ३० महत्त्वपूर्ण खनिजांची यादी जाहीर केली. तिच्यात लिथियम, बेरिलियम, नायोबियम आणि टँटलम आहेत. लिथियम बॅटरीला, टँटलम मोबाइलमधल्या कपॅसिटरला, बेरिलियम अवकाश आणि संरक्षण उद्योगाला लागते. म्हणजे पेग्मटाइटच्या ‘उरलेल्या रसात’ साठलेली तीच मूलद्रव्ये. बेरिल आणि लिथियमची खनिजे पूर्वी अणुखनिजांच्या यादीत होती आणि खासगी उद्योगाला बंद होती. २०२३च्या कायदादुरुस्तीने ती त्या यादीतून बाहेर आली.

अडचण वेगळीच होती. २०१५मध्ये अभ्रक, क्वार्ट्झ आणि फेल्स्पार यांना गौण खनिजांत टाकले गेले होते, म्हणजे मुरूम-वाळूच्या पंक्तीत. अशा खाणीत अभ्रकाबरोबर लिथियमचे खनिज निघाले तरी त्याची नोंद करण्याचे, ते वेगळे काढण्याचे मालकाला कारणच नव्हते. म्हणून २० फेब्रुवारी २०२५च्या अधिसूचनेने अभ्रक, क्वार्ट्झ, फेल्स्पार आणि बॅराइट पुन्हा प्रमुख खनिजांत आणले गेले. त्याआधी जानेवारीतच राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज मोहिमेला मंजुरी मिळाली होती, आणि तिच्यात जुन्या खाणींच्या टाकाऊ मालातून खनिजे मिळवण्याचाही समावेश आहे.

याचा अर्थ कोडरमात उद्या लिथियमचा पूर येईल असा नाही. पेग्मटाइटमध्ये लिथियम असणे आणि ते काढणे परवडणे यांत मोठे अंतर असते. पट्ट्या विखुरलेल्या, अरुंद आणि प्रत्येक वेगळी. पण एक गोष्ट नक्की बदलली आहे. जे ढिगारे कालपर्यंत कचरा होते, त्यांची गणना आता साधनसंपत्तीत होऊ लागली आहे.

मग ढिगारा कुणाचा?

कोडरमाचा इतिहास नीट पाहिला तर दगड तोच राहिला आणि बाहेरच्या जगाची गरज बदलत गेली, असे दिसते. आधी मोटारीसाठी पापुद्रे, मग युद्धासाठी कपॅसिटर, मग गाडीच्या रंगासाठी चमक, आणि आता बॅटरीसाठी लिथियम. प्रत्येक वेळी नवा कायदा आला. १९३०चा कायदा मालकाचा माल जपण्यासाठी होता, १९८०चा जंगल जपण्यासाठी, २०२५ची अधिसूचना देशाची खनिज-सुरक्षा जपण्यासाठी. फक्त १९४६चा कायदा कामगारासाठी होता, आणि तो परवानाधारक खाणीतल्या कामगारापुरता. खाणी गेल्या आणि तो कामगार ‘वेचणारा’ झाला, तसा तो त्या कायद्याच्या कक्षेतूनही निघून गेला.

ढिगाऱ्यांचे मोल वाढले की त्यांचे लिलाव होतील, कुंपणे पडतील, यंत्रे येतील. त्या वेळी टोपली घेऊन येणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही कागदावर नसेल, तर तिला हुसकावणे अगदी सोपे जाईल, आणि ते कायदेशीरही असेल. तिची नोंद आधी झाली, सहकारी संस्थेत तिचा वाटा ठरला, तिच्या मुलांसाठी चालू शाळा असली, तर त्याच खडकातून पहिल्यांदाच स्थानिकांच्या हाती टिकाऊ काही लागेल. पेग्मटाइट घडला त्याला सुमारे एक अब्ज वर्षे झाली. वेचणाऱ्यांची यादी करायला एका तालुक्याच्या कचेरीला काही महिने पुरतील.